आमच्या खेळातले डोंगरी लोक

महाड-पोलादपूरच्या खेळगड्यांनो, मुंबईकर आपल्याला गावंढळ म्हणून हसतात, याची चीड येते ना? मग आज मी काय केलं ते ऐका.

फासे टाकून खेळायच्या आपल्या काल्पनिक राज्याच्या खेळात डोंगरी टोळ्यांसाठी मी नियम लिहिला होता: ‘हे रानटी लोक आजाऱ्याला डोंगरावरच टाकून खाली उतरतात.’

आज खेळताना मी तो वाचून दाखवताच कुणीतरी ओरडलं, "सुऱ्या, तुझीच माणसं रे ही!" सगळे हसले. मीही हसलो.

पोलादपूरच्या वरच्या वाडीतल्या सुरेशने फासे खाली ठेवले. "दादा, आमच्या वाडीला रस्ता नाय. आजारी आईला चौघांनी डोलीतून उतरवली. ती वाटेतच गेली, पण खांदा कुणी काढला नाय."

तो उठून गेला. दोन वर्षं शेजारी बसून खेळलो, पण त्याच्या घरचं मी कधी विचारलं नव्हतं.

आपापल्या खेळाच्या वहीत उतरवलेला माझा तो नियम आजच खोडा.