कुमुदच्या हातातला रिमोट

बातमी आली तेव्हा ती मला नीट ऐकूच आली नाही. टीव्हीवर चौघं एकदम ओरडत होते आणि फोनवर कुमुदची सून काहीतरी सांगत होती. आवाज बंद करायला रिमोट शोधला, तर सापडेना. माझ्याकडे बातम्या लागल्या की रिमोट कुमुदच्या हातात असायचा, मला मेलीला तो सांभाळायची सवयच नाही. शेवटी भिंतीवरचं बटण बंद केलं. "मावशी, आई गेल्या..."

गिरगावातल्या आमच्या चाळीत आम्ही दोघी शेजारणी. मतं मात्र दोन टोकांची. एकदा निवडणुकीवरून भांडलो आणि चांगला महिनाभर अबोला धरला. मग तीच सोलकढीची वाटी घेऊन दारात उभी. म्हणाली, "भांडायचंच आहे ना, मग समोर बसून भांडू." नियमही तिनेच घातला. एक दिवस माझं चॅनल माझ्या घरी, दुसऱ्या दिवशी तिचं तिच्या घरी. चहा घरवालीचा, रिमोट पाहुणीचा. पाहुणीने म्यूट दाबलं की तिचं बोलून होईपर्यंत घरवालीने तोंड उघडायचं नाही. बाई कसली वस्ताद, माझा अँकर श्वास घ्यायला थांबला रे थांबला की दाबायचीच. पण तिचं चॅनलही तिला काही कमी घाबरवत नसे. "आता आपल्याला बोलूसुद्धा देणार नाहीत गं," म्हणत रडवेली व्हायची. मी म्यूट दाबून म्हणायचे, "तासभर तूच तर बोलतेयस." मग हसायची.

एका संध्याकाळी माझ्या चॅनलवर सांगत होते, तुमच्या वस्तीत कोण कोण शिरलंय बघा. मी उठून दाराला कडी घातली. तेवढ्यात सलीम पाववाल्याची हाक आली. माझ्या लग्नापासून हा माणूस आमचा जिना चढतोय, तरी माझे पाय हलेनात. कुमुदने म्यूट दाबलं. "शालू, बघ तुझ्या अँकरकडे. नुसते हात हलवतोय. आणि तुझा पाव बाहेर खोळंबलाय." कडी तिनेच काढली.

ती गेल्यापासून मला फार भीती वाटते. हसायचं तर हसा. दिवसभर माझंच चॅनल, फोनवरही तेच, आणि सगळं पटतं. मध्ये बोलायला कोणी नाही. मुलगा म्हणतो, "आई, बंद कर ना ते." पण बंद केलं तर बाहेर काय चाललंय ते कळायचं कसं, या विचाराने आणखी धस्स होतं. पाव घ्यायचा तर सोडूनच दिलाय. हाक आली की मी स्वयंपाकघरात जाऊन बसते.

काल दिवाणाच्या फटीत रिमोट सापडला, ती बसायची तिथेच. म्यूटच्या बटणावरचं चित्र तिच्या अंगठ्याने पार पुसून गेलंय. दाबलं. अँकर हात हलवत राहिला. मी वाट बघत बसले, आता कुमुद बोलेल, आता बोलेल... खोलीत नुसता पंखा वाजत होता. मग जिन्यात पावलं वाजली. "पाऽव..."

रिमोट हातात तसाच घेऊन कडीपर्यंत गेले.

"थांब रे सलीम," मी म्हटलं. आवाज बाहेर फुटला की नाही कळेना, म्हणून पुन्हा म्हटलं.