आजारी पोरीचा घास

अंगणवाडीत वहिनींनी माझ्या पोरीच्या पुढ्यातली खिचडीची ताटली ओढून घेतली. शेवटचा घास तिच्या मुठीतच राहिला.

"हिला घरी ने. हिच्या अंगात किडं हायत. आमच्या पोरांना लावशील."

पलूसजवळ ज्या द्राक्षबागेत मी विरळणीला, घडातले जादा मणी काढायला जायची, त्या बागेच्या या मालकीणबाई; सगळे त्यांना वहिनीच म्हणतात. त्यांचा नातूही त्याच अंगणवाडीत. सेविकाबाईंनी ताटली आत नेऊन ठेवली. मी मान डोलावली आणि पोरीला उचललं. काम जाईल ही भीती, वर लाज. पोरगी तीन वर्षांची. आधी गोवर, मग जुलाब, मग खोकला. मला वाटलं, आपलीच घाण.

पोटाला आराम पडावा म्हणून मी तिला उपाशी ठेवली. कोरा चहा तेवढा पाजला. आठ दिवसांत छाती भरली. सांगलीला सरकारी दवाखान्यात नेली.

नर्सबाईंनी तिच्या दंडाला मापाची पट्टी गुंडाळली. माप लाल रंगावर आलं, म्हणजे पोर पार खंगलेलं.

"खायला काय देता?"

"जुलाब हायत म्हणून काय न्हाई, बाई."

त्या ओरडल्या नाहीत. खाटेवर टेकल्या. "अगं, आजाराशी लढायचं बळ अन्नातनंच येतं. हिचं आधीच कमी होतं, गोवरानं आणखी मोडलं. म्हणून जुलाब हटेनात. जुलाबामुळं खाल्लेलं अंगी लागेना. मग निमोनियाला वाट मोकळीच. आजारी पोराला थोडं थोडं, पण सारखं भरवायचं असतं."

ऐकता ऐकता माझं डोकं तापलं. तिला घासाची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच दिवशी तो हिसकावला. आणि मी मान डोलावली. वहिनींच्या वेलीवर रोग पडला तर त्या रात्रंदिवस खत-औषध बघतात. वेलीला कुणी हाकलत नाही.

पोरगी वाचली. पण वजन भरत नाही. दहा पावलं चालली की धाप लागते.

ग्रामसभेत मी उठले. वहिनींचे यजमान पुढं खुर्चीवर.

"खाली बस. बायकांचं बायकांत बघा."

"न्हाई बसत. आवं, रोग आमी आणला न्हाई. आमची पोरं उपाशी ठिवून तुमीच त्यो पोसलाय. आजारी पोराचा आहार घरपोच पायजे. बरं झालं की आत, सगळ्यांच्या पंगतीत. ठरावात लिवा."

कुणी लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी बागेतलं काम गेलं.

जाऊ दे. सोमवारी वस्तीतल्या अकरा आया तालुक्याच्या कचेरीत बसणार आहोत, पोरं मांडीवर घेऊन. घरपोच आहाराचा लेखी हुकूम हातात पडल्याशिवाय एकही उठणार नाही.