गोमाजीचा खारा झगा

गोमाजी गेल्याची बातमी त्याच्या थोरल्या मुलानं त्यांच्या गावाहून, गव्हाणहून आणली, तीही दिवसकार्य आटोपल्यावर. ओट्यावर टेकून तो पाणी प्यायला आणि पिशवीतून एक निळसर, जड गाठोडं काढून त्यानं माझ्यापुढं ठेवलं. "बाबा बोललेले, ह्यो मास्तरांचा हाय, त्यांनाच दे." मी गाठ सोडतोय तोवर माझी बायको इंदू दारात येऊन म्हणाली, "अगं बाई, ती बैलाची झूल अजून आहे?" या गोष्टीला दीड महिना झाला. त्या झुलीची, म्हणजे जादूगाराच्या झग्याची, हकीकत सांगितल्याशिवाय मला गोमाजी सांगता येणार नाही. आणि ती सांगायची तर माझी अब्रू... असो, ती तेव्हाच गेली आहे.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी पनवेलच्या शाळेत गणित शिकवायचो आणि गणपतीतल्या आमच्या हौशी नाटकांचा पडदा ओढायचो. गोमाजी मिठागरावर कामाला. पावसाळ्यात मिठागरं बंद, म्हणून तो तालमींना येऊन बसे, सतरंज्या घाली, पेट्रोमॅक्सला हवा मारी. धिप्पाड देह, खाडीपलीकडं पोचेल असा आवाज. चार वर्षं त्यानं एखादं काम मागितलं आणि चारही वर्षं आमचे दिग्दर्शक बापूसाहेब म्हणाले, "गोमाजी, तुझं हाय-नाय रंगभूमीवर चालायचं नाही रे." त्या वर्षीच्या नाटकात समुद्रातून वर येणारा एक जादूगार होता, वाक्यं अवघी तीन. मी गोमाजीसाठी हट्ट धरून बसलो. बापूसाहेबांनी मग अट घातली की रंगीत तालमीला जादूगाराचा झगा दिसला नाही, तर जादूगारच नाटकातून कापायचा. कापडाची टंचाई होती, भाड्यानं झगा आणायची ऐपत नव्हती. मी म्हणालो, "मी शिवतो. त्यात काय आहे?"

हे 'त्यात काय आहे' इंदूनं ऐकलं, तिथंच घोटाळा झाला. शिवणयंत्र तिचं. तिनं खोळ काढली, सुईत दोरा ओवून दिला आणि म्हणाली, "आता शिवा." शाळेचा जुना निळा पडदा मी चौघडी घालून जमिनीवर पसरला. गोमाजीच्या गळ्याचं माप सोळा इंच. तेवढीच, सोळा इंचांची कमान मी त्या चौघडीच्या कोपऱ्यावर खडूनं आखली आणि कात्री चालवली. गणिताचा शिक्षक मी. चार घड्या म्हणजे चार कमानी, म्हणजे चौसष्ट इंचांचा गळा, हे गोमाजीच्या डोक्यावरून घातलेला झगा सरळ त्याच्या पायांशी जाऊन पडला तेव्हा लक्षात आलं. त्या वर्तुळात उभा राहून गोमाजी शांतपणे म्हणाला, "मास्तर, अजून दोगं मावतील." इंदू तोंडाला पदर लावून आत पळाली. शेवटी गोमाजीनंच तोड काढली. "परकराला घालतात तशी नाडी घाला की." घातली. ती ओवायला मला दोन दिवस लागले.

तरीही झगा अंगाला ओल्या फडक्यासारखा चिकटे, रुबाब म्हणून नाही. वजन हवं म्हणून मी बाजारातून मिठाची रिकामी पोती आणली आणि आतून अस्तर लावलं. गोमाजीनं अस्तरावर बोट फिरवलं, जिभेला लावलं, माझ्याकडं पाहिलं... आणि म्हणाला, "बरं हाय." रंगीत तालमीच्या दिवशी लख्ख ऊन होतं. बापूसाहेबांनी झगा पाहिला आणि जादूगार वाचला.

प्रयोगाच्या दिवशी मात्र सकाळपासून पावसाची झड. कोंदट हवेत पोत्यांमधलं मीठ पाणी पीत राहिलं. गोमाजी रंगमंचावर आला तो टपटप गळत, पडद्याचा रंग सुटून मागं निळ्या पावलांची रांग उमटवत. पुढच्या खुर्च्यांतून हसू फुटलं. मी पडद्याची दोरी हातात धरून, ओढावा की काय, या विचारात घामाघूम. गोमाजी मध्यभागी थांबला. दोन्ही हातांनी झग्याची कड पिळली, पाण्याची धार लागली, आणि तीन वाक्यांतलं एकही न बोलता तो गरजला, "हसता काय? आमी दर्यातशी आलोय. सुकं कसं येनार?" मागं गव्हाण-उरणकडची, गोमाजीचीच बोली बोलणारी मंडळी उभी होती. तिकडून जी शिट्टी आणि टाळी उठली, ती पुढच्या खुर्च्यांपर्यंत आली. त्यापुढं त्याला दरवर्षी काम मिळालं, आणि त्याच्याच बोलीत.

नंतर मी विचारलं, "गोमाजी, पोती घाम सोडणार हे तुला ठाऊक होतं ना?"

"मिठागरावर जन्म गेला, मना नाय ठाऊक?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी येवढ्या हौसेनं शिवलाव." मग झग्याची घडी घालत, "आनि मना काम दिलं कोनी, बापूसायबांनी?"

झगा त्यानं मागून नेला. त्याच्या दाराशी तो खुंटीला असे. मिठाच्या राशी उघड्यावर असताना अवकाळी आभाळ येतंय का, हे तो सकाळी झग्याची कड चाचपून ओळखी. त्याची माणसं हसत, पण कड ओली लागली की राशी झाकायला पळत.

आता तो आमच्या दाराशी आहे. इंदू धुऊन ठेवते म्हणाली, मी नको म्हटलं. मीठ निघून जाईल. रोज शाळेला निघताना मी त्याची कड चिमटीत धरतो. काल ओली लागली. बाहेर ऊन होतं, तरी मी छत्री घेतली.