वाढत्या मापाचं पिस्तूल

आमच्या घरात लेकीसाठी कुठलीही वस्तू बरोबर मापाची कधी आली नाही. शाळेचे स्कर्ट खालून चांगले चार बोटं दुमडलेले, बुटांच्या टोकांत कापूस कोंबलेला, आणि पहिल्या कम्युनियनचा पांढरा झगा तर इतका मोठा की वेदीपर्यंत जाताना तिने तो दोन्ही हातांनी वर धरला होता. हे सगळं माझ्या नवऱ्याचं काम. वसईत भरल्या घरात तो वाढला, तिथे थोरल्याचं उतरलेलं धाकट्याच्या अंगावर चढायचं आणि नवीन काही घेतलंच तर ते पुढची काही वर्षं पुरलं पाहिजे असा नियम होता. दुबईत आल्यावर पगार वाढला, पण दुकानात उभं राहिलं की त्याच्या तोंडून तेच यायचं, वाढत्या अंगाचं बघ. मी चिडवायचे, माझी लग्नातली अंगठीही तू वाढत्या बोटाचीच आणलीस. तो म्हणायचा, मग, आता बसते की नाही? बसत होती, हे खरं.

तर पिस्तूलही त्याने असंच घेतलं.

पिस्तूल म्हटलं की वसईची माणसं दचकतात. सासूबाईंनी तर फोनवर आधी विचारलं, पोरीला पोलिसात घालताय का. मग मी त्यांना समजावलं की हे हवेवर चालतं, त्यातून बारीक छर्रा सुटतो, दहा मीटरवर कागद असतो आणि त्या कागदाशिवाय कोणाला काही होत नाही. हा नाद तिच्या शाळेतल्या खेळाच्या बाईंनी लावला. त्या काही मुलांना शूटिंगच्या क्लबात घेऊन गेल्या, त्यात आमची बाराव्या वर्षातली लेक होती. ही मुलगी जेवायच्या टेबलावरही एका जागी बसत नसे. रविवारी चर्चात मिसाला तिच्या शेजारी कोण बसणार यावरून आम्हा दोघांत वाद व्हायचे. ती तिथे हात लांब करून, श्वास धरून, पुतळ्यासारखी उभी राहिलेली मी काचेमागून पाहिली आणि माझा विरोध तिथेच संपला. चर्चच्या क्वायरमध्ये तिला घालायचं माझं स्वप्नही त्याच दिवशी संपलं.

पहिलं वर्ष क्लबाच्या पिस्तुलांवर गेलं. ती सगळ्यांची. आज एकाने आपल्या डोळ्याला जुळवून घेतलं की उद्या दुसऱ्याने ते फिरवलेलं असायचं. तिची कोच म्हणजे एक फिलिपिनो बाई, बोलायला मऊ पण कामात कडक. तिने आम्हाला सांगितलं की मुलीचा हात चांगला आहे, पण आता तिला स्वतःचं पिस्तूल हवं, साधं चालेल. आमच्यासारख्यांना इथे ते घरी ठेवता येत नाही. क्लबाच्या परवान्यावर येतं आणि क्लबाच्याच कपाटात राहतं. आपण पैसे भरायचे आणि शनिवारी जाऊन भेटायचं. हॉस्टेलवर ठेवलेल्या पोरासारखं, असं मी म्हटलं तर नवरा हसला नाही, तो हिशेबात पडला होता.

नव्या पिस्तुलाची किंमत त्याने आधी दिरहममध्ये सांगितली, मग रुपयांत, आणि रुपयांत सांगितल्यावर मी हातातला चहा खाली ठेवला. तो अबुधाबीकडे मुसफ्फाला एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होता. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरून पहाटे कारलिफ्टने, म्हणजे भाडं वाटून घेतलेल्या गाडीने, निघायचा आणि दिवेलागणीला परत. त्या जाण्यायेण्यात त्याने मोबाइलवर पिस्तुलांचे इतके व्हिडिओ बघितले की गाडीतल्या बाकीच्यांनी त्याला मागच्या सीटवर पाठवलं. स्वस्तात नवीन मिळत होतं ते दर छऱ्याला तरफ ओढून हवा भरायचं. ते त्याने क्लबात हातात घेतलं आणि तिला ओढायला लावलं. पंधरा-वीस वेळा ओढून तिचा खांदा भरून आला. थकल्या हाताने नेम कसा धरणार, म्हणून ते बाद. मग उरलं ते जुनं, आधीच भरलेल्या हवेच्या सिलिंडरवालं.

इथे माणूस देश सोडून निघाला की त्याचं सगळं घर विकायला निघतं. सोफा, वॉशिंग मशीन, पडदे, कुंड्या. आमच्या घरातली निम्मी भांडी अशाच कोणाकोणाच्या लीव्हिंग सेलची आहेत. क्लबातला एक दिल्लीकडचा गृहस्थ नोकरी संपवून परत चालला होता, त्याचं पिस्तूलही तसंच निघालं. जर्मन बनावटीचं, नीट ठेवलेलं. सिलिंडरची मुदत अजून काही वर्षं होती, ती तारीख नवऱ्याने बॅटरी लावून वाचली. भाव आमच्या आवाक्यातला. अडचण एकच, त्याची लाकडी मूठ मोठ्या माणसाच्या हाताची होती.

नवऱ्याने ते आधी स्वतः हातात घेतलं. मूठ त्याच्या पंजात अशी बसली की जणू त्याच्यासाठीच कोरली होती, आणि त्याचा चेहरा खुलला. मग लेकीने घेतलं. तिचं बोट ट्रिगरपर्यंत जेमतेम पोचलं आणि तळव्याशी चांगली फट राहिली. ती म्हणाली, "इट्स अ बिट बिग, डॅडी." कोच म्हणाली, लहान मूठ वेगळी मागवता येते, नाहीतर हीच कानशीने घासून बारीक करता येते. मूठ मागवायची तर पिस्तुलाच्या वर पुन्हा बराच खर्च होता. आणि घासणं त्याला मान्य नव्हतं. तो लोखंडातला माणूस, सगळं आयुष्य कापण्याघासण्यात गेलेलं. त्याने कोचला हिंदीत समजावलं, मॅडम, लाकूड एकदा काढलं की परत लावता येत नाही, आणि ही तर वाढणारी मुलगी आहे. कोच म्हणाली, बूट सैल चालतो, मूठ सैल चालत नाही. तो हसून म्हणाला, "हात वाढेल ना तिचा. मूठ थांबेल."

मला तेव्हा त्यात काही चूक दिसली नाही. आमच्या घरात सगळं असंच येत होतं.

कोचने ट्रिगर मागे सरकवून दिला, फटीत कापडी टेप गुंडाळली, आणि लेक त्या मोठ्या मुठीवर शिकू लागली. नवरा दर शनिवारी काचेमागे बसायचा. घरी जेवण झालं की तो टेबलावर हात उभा धरायचा आणि ती आपला पंजा त्याला लावून बघायची. अजून एक पेर कमी, तो म्हणायचा. मग, अजून अर्धं पेर. ती बोटं ताणायची, तो ओरडायचा की चीटिंग नाही. दूध पी, अंडी खा, हात वाढतो. हे सगळं चाललं असताना मी भांडी घासत असे आणि दोघांना ओट्यावरून टोमणे मारत असे. किती सुखाचे दिवस होते ते, आता वाटतं.

ती चौदा वर्षांची असताना तो गेला. मुसफ्फाला, वर्कशॉपमध्येच, जेवणाच्या सुट्टीच्या आधी. छातीत दुखतंय म्हणून बसला आणि उठला नाही. मी इथे एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर काम करते, रोज लोकांना सांगते की डॉक्टर आत आहेत, थोडं थांबा. त्या दिवशी मला फोनवर कोणीतरी तेच सांगितलं, थांबा, बघतोय, आणि मला कळलं. त्याला आम्ही गावी नेलं, आमच्या चर्चच्या सिमेट्रीत ठेवलं, आणि लेकीची शाळा, माझी नोकरी म्हणून परत आलो. घर तेच राहिलं. जेवण झाल्यावर ती आपलं ताट उचलून लगेच खोलीत जाऊ लागली.

क्लब मात्र तिने सोडला नाही. शनिवारी मी काचेमागे त्याच्या जागी बसू लागले. मला त्यातलं काही कळत नाही, पण आई असून एवढं कळत होतं की तिचं कुठेतरी अडलंय. तिच्याबरोबरच्या मुली पुढे गेल्या आणि ही तिथेच. मनगटाला पट्टा आला. मग रात्री शेक. सोळाव्या वर्षी क्लबाच्या संघाच्या निवडीच्या स्पर्धेआधी कोचने मला बाजूला घेतलं. तिने सांगितलं की मोठ्या मुठीवर पकड ठेवण्यासाठी ती मनगट वाकवते आहे. असंच चाललं तर निवड राहू द्या, हात जाईल. मूठ घासायला कोच कधीपासून सांगते आहे, आणि मुलगी दर वेळी म्हणते, नेक्स्ट मंथ.

मला राग आला. लेकीचा नाही, त्याचा आला. मेलेल्या माणसाचा राग येतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सगळ्या जगाला लहान मोठं कळतं, तुलाच का कळलं नाही, असं मी गाडी चालवताना मोठ्याने बोलले. दोन पैसे वाचवायला गेलास आणि पोरीचा हात दुखवून गेलास. मग सिग्नलला थांबून रडले, मागची गाडी हॉर्न वाजवत राहिली.

घरी आल्यावर मी तिला सरळ सांगितलं की तुझा हात आता वाढायचा थांबलाय. हात माझ्यावर गेलाय, छोटा, माझ्या माहेरच्यांचा. मी वाद होईल म्हणून तयार होते. ती म्हणाली, "आय नो, मम्मी. गेल्या वर्षीपासून माहीत आहे."

मग दर महिन्याला पुढच्या महिन्यावर का ढकलतेस, असं मी विचारलं. ती पट्टा सोडत बसली होती. तो गुंडाळून ठेवत बोलली.

"इफ वी कट इट, देन डॅडी वॉज राँग."

तो चुकलाच होता. तिच्या स्कर्टांबद्दल बरोबर होता, बुटांबद्दल बरोबर होता, अगदी माझ्या अंगठीबद्दलही, आणि याबद्दल चुकला. मी तिला म्हटलं, तुझ्या बापाला खात्री होती की तुला मोठं होताना तो बघणार आहे. त्याचं तेवढंच चुकलं. खूप दिवसांनी ती माझ्या कुशीत येऊन बसली, एवढी मोठी मुलगी.

पुढच्या शनिवारी कोचने मूठ सुटी करून शिकंज्यात पकडली आणि कानस लेकीच्या हातात दिली. आपली मूठ आपणच घासायची, अशी तिथली रीत. ती थोडं घासायची, मूठ हातात धरून बघायची, पुन्हा घासायची. अक्रोडाच्या लाकडाचा तपकिरी भुसा टेबलावर पडत होता. मी मध्येमध्ये म्हणत होते की हळू, जास्त जाईल, आणि कोच मला डोळ्यांनी गप्प करत होती. शेवटी पॉलिशचा कागद फिरवला, मूठ परत बसवली, आणि तिने हात लांब केला. मनगट सरळ होतं. तळव्याशी फट नव्हती. तिने पहिले काही छर्रे सोडले आणि कोचने माझा दंड दाबला. एवढी वर्षं जे अडलं होतं ते सुटलं, हे मलाही दिसलं.

लेकीने मात्र पिस्तूल खाली ठेवलं आणि वळून माझ्याकडे आली. डोळे भरलेले. मला वाटलं आनंदाने.

"मम्मी," ती म्हणाली, "आता यात डॅडींचा हात बसणार नाही."

मी म्हटलं, नाही बाळा, नाही बसणार. आणि तिच्या हातांवरचा भुसा माझ्या ओढणीने पुसत राहिले.