खडूने आखलेलं टेबल

आमच्या घरात एखादी वस्तू यायच्या आधी तिची जागा येते. हे एवढंच सांगितलं तर कुणाला कळणार नाही, म्हणून नीट सांगते.

करी रोडच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला आमची खोली आहे. दहा बाय बारा. आई, बाबा आणि मी. आई घरी साड्यांना फॉल-बिडिंग करते, त्यामुळे शिंप्याचा तो चपटा तिकोनी खडू घरात कायम असतो. घरात काही नवं आणायची गोष्ट निघाली की आई तो खडू पुढे करते. वस्तू जेवढी असेल तेवढा चौकोन शहाबादी लादीवर आखायचा आणि आठ दिवस ती वस्तू तिथे आहे असं समजून वागायचं. चौकोनात पाय ठेवायचा नाही, त्यात काही ठेवायचं नाही, वळसा घालून जायचं. लादी पुसली की खडू पुसला जातो, मग आई तो पुन्हा आखते. आठ दिवसांनी सगळ्यांना विचारते, आणायचं का?

फ्रिज असाच आला. आईने त्याचं दार उघडल्यावर लागणारी अर्धगोल रेषासुद्धा आखली होती. शोकेस मात्र आलं नाही. मामा टॉवरमध्ये राहायला गेला तेव्हा तो त्याचं जुनं शोकेस देणार होता, काचेच्या दारांचं. त्याचा चौकोन आखला आणि तिसऱ्याच दिवशी बाबा वैतागून म्हणाले, "या शोकेसने माझा जीव खाल्लाय. चप्पल घालायला जागा नाही." शोकेस अजून मामाकडेच होतं. आई हसून हसून सुई टोचून घेईल असं वाटलं.

लहानपणी मला यात काही विशेष वाटायचं नाही. सगळ्यांच्या घरी असंच करत असतील असं समजायचे. आमची खोली बाजूच्या खोल्यांपेक्षा मोठी कशी दिसते, असं येणारा प्रत्येक जण म्हणायचा आणि मला वाटायचं आमची खरंच मोठी असेल. खोल्या सगळ्या एका मापाच्या आहेत. आमच्याकडे दारासमोरची भिंत रिकामी आहे, एवढाच फरक. आई म्हणते, "बाहेरून आलेल्या माणसाची नजर कुठेतरी टेकली पाहिजे. प्रत्येक ठिकाणी कॅलेंडर कशाला?" खिडकीचा पडदा उरलेल्या फॉलच्या पट्ट्या जोडून केलेला आहे. एवढ्या रंगांच्या पट्ट्या आहेत, पण दोन भडक रंग कुठेही शेजारी नाहीत. आई हे कुणाकडून शिकली, मला माहीत नाही. विचारलं तर म्हणते, "डोळ्याला त्रास होतो ना, म्हणून."

पण हे सगळं मला आता दिसतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी दिसत नव्हतं.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. त्यामुळे कॉलेजच्या मुलीचं घर कसं असतं, हे मला बघून शिकायचं होतं आणि बघायला होता फोन. त्यात मुली आपापली अभ्यासाची जागा दाखवायच्या. पांढरं टेबल, छोटा दिवा, भिंतीवर चिकटवलेले फोटो, प्लास्टिकची वेल. मी अशी कितीतरी टेबलं साठवून ठेवली होती. माझ्या वर्गातली एक मैत्रीण शिवाजी पार्कला राहते. तिच्या खोलीत तर खरंच तसं टेबल होतं. त्यावर मी एकदा वही ठेवून लिहिलं तेव्हा माझं अक्षरसुद्धा मला वेगळं वाटलं. हे लिहिताना जरा लाज वाटते, पण तसं वाटलं होतं.

मग दुसऱ्या वर्षी आमच्या चौघींना मिळून एक प्रोजेक्ट आला. तीन वेळा बाकीच्यांच्या घरी बसून झालं. चौथ्या वेळी शिवाजी पार्कवाली सहज म्हणाली, "पुढच्या रविवारी तुझ्याकडे बसू या का?"

मी हो म्हणाले. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

घरी येताना दादरच्या एका दुकानात मी टेबल बघून आले. पांढरं, तीन फूट बाय दोन फूट. शाळेतल्या मुलांची शिकवणी घेऊन साठवलेले पैसे माझ्याकडे होते. रविवारच्या आत टेबल घरात यायला हवं होतं, बस्स. खिडकीखाली ते ठेवलं, त्यावर पुस्तकं रचली की आत येणाऱ्याला आधी तेच दिसेल. बाकीची खोली मग दिसणार नाही, असं मला वाटत होतं.

आईला सांगितलं. ती एका जांभळ्या साडीला फॉल लावत होती. मान वर न करता तिने खडू पुढे केला.

"आठ दिवस नाहीत आई. रविवारी येणार आहेत त्या."

"आज शनिवार. पुढचा शनिवार आठवा. बरोबर बसतंय."

मी खिडकीखाली चौकोन आखला. आणि इथे मी एक गोष्ट केली. तीन फुटांच्या जागी अडीच फूट आखलं, दोनच्या जागी दीड. चौकोन लहान दिसला तर कुणाला अडचण होणार नाही, टेबल पास होईल, आणि एकदा घरात आलं की अर्ध्या फुटासाठी कोण परत पाठवणार? आमच्या घरात चौकोन खोटा आखायचा, हे आजवर कुणी केलं नव्हतं. मी आखून उभी राहिले तेव्हा आईने एकदा बघितलं, दोऱ्याला गाठ मारली आणि म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकी वाटीभर साखर मागायला आल्या. त्या मालवणकडच्या, बोलायला तिखट. दारातच थांबल्या.

"ह्या काय आखून ठेवलंस गो? कोणाक पुरूचा आसा काय हय?"

"टेबल आहे," आई म्हणाली. "जरा बाजूने या."

"टेबल? दिसणा नाय ता माका."

"चष्मा लावा मग."

काकी कुरकुरत, पण चौकोनाच्या बाजूनेच आत आल्या. साखर घेऊन जाताना मला म्हणाल्या, "छान आसा टेबल. पुसूक सोपा."

पहिले तीन दिवस मी रोज संध्याकाळी त्या चौकोनाकडे बघून दिवा कुठे ठेवायचा ते ठरवायचे. चौथ्या दिवशी कॉलेजहून आले आणि काहीतरी वेगळं वाटलं. लादी नुकतीच पुसलेली होती, खडूच्या रेषा ताज्या होत्या. चौकोन मोठा झाला होता. मी पट्टी काढून मोजला. तीन फूट बाय दोन फूट.

आई समोर बसून बिडिंग करत होती. माझ्या हातातली पट्टी बघून ती म्हणाली, "दिवसभर कापड मोजते मी. दीड फुटाच्या टेबलावर वही ठेवशील की कोपर?"

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू स्वतः मोठं करशील असं वाटलं. तीन दिवस थांबले." मग दोरा दाताने तोडून ती म्हणाली, "जागा मागायची तर पुरती मागावी. कमी मागून नंतर धक्के मारत बसायचं, त्यात कुणालाच सुख नाही."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मला मी मागितली त्यापेक्षा जास्त जागा दिली होती, आणि ही जागा कुणाची होती ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

बाबा लोअर परळला एका ऑफिसच्या इमारतीत सिक्युरिटीला आहेत. आठला निघतात. त्याआधी सकाळचा अर्धा तास ते खिडकीखाली पाटावर बसून चहा पितात आणि पेपर वाचतात. खिडकीतला उजेड तिथेच पडतो. चौकोन लहान होता तोवर ते कडेला कसेबसे मावत होते. आता मावेनात. पाचव्या दिवशी सकाळी मी गॅलरीत गेले तर बाबा तिथे पाट टाकून बसले होते. नळावर जाणारी माणसं बादल्या घेऊन त्यांच्या बाजूने जात होती, आणि प्रत्येक वेळी बाबा पाय आत घेऊन पेपरची घडी करत होते. पेपर चार घड्या होऊन एवढासा झाला होता. त्यात ते काय वाचत होते कुणास ठाऊक.

"इथे का बसलात?"

"हवा छान आहे," बाबा म्हणाले.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा चौकोनाच्या आत बसले. नियमाने बसायचं नसतं, पण टेबल माझंच होतं. भिंतीला पाठ लावली, बाबांचा पाट पुढे घेतला, त्यावर वही ठेवली. आई गॅसकडे जाताना वळसा घालून गेली. बाबा आले, ते वळसा घालून हातपाय धुवायला गेले. काकी आल्या, त्या तर पदर सावरून गेल्या. दोन तास मला कुणाचा धक्का लागला नाही. आमच्या खोलीत असं कधी झालं नव्हतं. मला जे हवं होतं ते बहुतेक हेच होतं. पांढरा रंग आणि दिवा त्यात नंतर मिसळले असावेत. मला अजूनही खात्री नाही, कारण दिवा मला अजूनही आवडतो.

शनिवारी आठवा दिवस. आईने नेहमीसारखं विचारलं, आणायचं का? बाबा आधी बोलले. "आण. पोरगी अभ्यास करते, टेबल पाहिजेच."

मी म्हणाले, "नको."

"मैत्रिणी येणार आहेत ना उद्या?"

"हो, पण टेबल आलं की ते सकाळीपण तिथेच असणार. चौकोन पुसता येतो."

बाबांना कळलं नसावं, किंवा कळूनही ते पेपरात बघत राहिले. आई म्हणाली, "नीट विचार कर. नंतर घर लहान आहे म्हणून माझ्यावर चिडायचं नाही."

"चिडणार," मी म्हणाले. "पण नको."

रविवारी सकाळी आईने विचारलं, "किती जणी?" मी सांगितलं तीन. मी चहाचे कप काढत होते. आमच्याकडे दोन कप एकसारखे नाहीत, त्याचंच टेन्शन होतं. वळून बघते तर आईने लादी पुसून खोलीच्या बरोबर मधोमध एक चौकोन आखला होता, आधीच्यापेक्षाही मोठा.

"आई, पूस ते. त्या हसतील."

"हसू देत. आल्या आल्या गप्प बसण्यापेक्षा बरं."

पुसायला वेळच मिळाला नाही. गॅलरीतून आवाज आले. तिघी दारात आल्या आणि शिवाजी पार्कवाली पुढे. तिने पाऊल उचललं तोच आई म्हणाली, "जरा बाजूने हं, ते टेबल आहे."

तिने खाली बघितलं, आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी अडखळत सगळं सांगितलं. खडू, आठ दिवस, शोकेस, सगळंच. लपवायचं ठरवलेलं सगळं मी दारात उभं राहून सांगत होते. ती पूर्ण ऐकत होती. मग चौकोनाला वळसा घालून आत आली, बॅगेतून लॅपटॉप काढला आणि आईला अगदी गंभीरपणे विचारलं, "काकू, हा टेबलावर ठेवला तर चालेल?"

"चालेल. पण चहा नको ठेवू, सांडतो."

आम्ही चौघी चार बाजूंना बसलो. कप वेगळे असल्यामुळे कुणाचा चहा कुठला ते विचारावं लागलं नाही. दुपारपर्यंत प्रोजेक्ट बराचसा झाला. मधे शिवाजी पार्कवाली पाय मोकळे करायला उठली आणि त्या रिकाम्या भिंतीकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "इथे किती शांत वाटतं गं." खाली गणपतीच्या कारखान्यासमोर टेम्पो हॉर्न देत होता, काकी कुणालातरी झापत होत्या. पण ती काय म्हणतेय ते मला कळलं. मी आईकडे बघितलं. ती साडीचा काठ नखाने सरळ करत होती, जणू ऐकलंच नाही.

नंतरच्या आठवड्यात आईने फॉलच्या उरलेल्या पट्ट्या काढल्या. पडद्यासारख्याच जोडल्या, आत जुनं कापड घातलं आणि एक जाड आसन शिवलं. तीन फूट बाय दोन फूट. ते गुंडाळून कपाटाच्या वर ठेवता येतं. आता खडू आखावा लागत नाही. आसन पसरलं की टेबल लागलं, गुंडाळलं की जेवायची जागा झाली. मी आता तिसऱ्या वर्षाला आहे. आईला कुणी कसली चित्रं दाखवली नाहीत, कुणी तिला रंग शिकवले नाहीत, आणि तरी या खोलीत चुकीच्या जागी असलेली एकही वस्तू मला सापडत नाही. मी शोधून बघितलंय.

सकाळी खिडकीखाली बाबा असतात. पेपर पूर्ण उघडून, दोन्ही हात लांब करून वाचतात. चहा संपला की पाट माझ्याकडे सरकवतात आणि उठतात.

"घे," म्हणतात, "तुझं टेबल रिकामं झालं."