पालथा पेला

नर्स कामून झालीस, असं मला आजवर शंभर जणांनी विचारलंय. विचारणाऱ्याचं तोंड बघून मी उत्तर द्यायची. म्हातारी बाई असली तर "नशीब" म्हणायची, सरकारी माणूस असला तर "सेवा" म्हणायची, आणि भावकीतला कुणी नाक मुरडत विचारायला लागला तर "तुमच्या दारात भाकर मागायची पाळी येऊ नये म्हणून" असं तोंडावर फेकायची. खरं उत्तर वेगळंच होतं, आणि माय जिवंत होती तोवर ते सांगायची सोय नव्हती. आता माय गेली. कुणाचं मन राखायचं राहिलं नाही.

आमचं घर बिदरकडच्या मेहकरचं, शेतकऱ्याचं. आम्ही तिघी बहिणी. अक्का थोरली, मी मधली, आणि धाकटी माझ्यामागून बऱ्याच वर्षांनी झालेली. अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मी अकरा वर्षांची असेन. लेकरू पोटातच मेलेलं निघालं. आमच्याकडं तेव्हा बाळंतिणीला पाच दिवस पाणी देत नव्हते. पाणी पोटात गेलं की अंग सुजतं, वात होतो, बाळंतीण हाती लागत नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत. सुंठ द्यायची, गूळ द्यायचा, तूप द्यायचं. पाण्याचा थेंब नाही.

वैशाख होता. दुसऱ्या दिवशी अक्काला ताप भरला. माय मला तिच्यापाशी राखण बसवून चुलीकडं गेली. अक्का म्हणायली, "एक घोट दे गं. मी मायला सांगत न्हाई." रांजण हाताच्या अंतरावर होता, पण मी उठले नाही. मायचा धाक होता, आणि पाणी दिलं तर अक्का मरंल हे मलाही खरंच वाटत होतं. मग अक्का बाजेवरून हात लांब करून रांजणाच्या ओल्या बुडाला बोटं लावायची आणि ती बोटं चोखायची. मी बघत बसले. चौथ्या दिवशी ती गेली. तिचे ओठ इतके फुटले होते की मायला तिच्या तोंडाला तूप लावावं लागलं.

माझंही लग्न झालं होतं, पण नांदायला जायच्या आधीच नवरा प्लेगात गेला. घरात बसून शेण-पाणी करायचं, एवढंच माझ्या पुढ्यात होतं. अशात वडील, म्हणजे अप्पा, ज्वारी घेऊन बिदरच्या बाजारात गेले, तिथं त्यांनी ऐकलं की बायकांच्या दवाखान्यात मराठी-कानडी येणारी पोरगी पाहिजे. डॉक्टरीणबाई हैदराबादच्या. त्यांचं उर्दू खेड्यातल्या बायकांना कळेना, आणि बायका काय सांगायल्यात ते त्यांना कळेना. दोघींच्या मधे उभं राहून इकडचं तिकडं सांगायचं, एवढंच काम. अप्पांनी घरी येऊन विचारलं. चुलत्यांनी तर आकाशपाताळ एक केलं. "कुणाकुणाचं रगत काढंल, अन् त्याच हातानं आपल्या घरात पाणी पिईल," म्हणाले. अप्पा कधी भावांपुढं बोलायचे नाहीत. त्या दिवशी तेही नुसते मान खाली घालून बसले, पण सकाळी गाडी जुंपली.

पहिल्याच दिवशी मी वॉर्डात पाऊल टाकलं आणि काय बघितलं? एक बाळंतीण, कालच मोकळी झालेली, दोन्ही हातांनी पेला धरून घटाघटा पाणी पीत होती. मी किंचाळलेच. डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "पानी से कोई नै मरता, बेटी." मी कोपऱ्यात जाऊन भडाभडा रडले. त्या बाईला काय वाटलं असंल कोण जाणे. पण नर्स मी त्या घटकेला झाले. बाकीचं, उर्दू अक्षरं गिरवणं, नाडी बघणं, नाळ कापणं, आचेवर हत्यारं उकळणं, ते सगळं मागून आलं.

पुढं मी वॉर्डात पाण्यासाठी बदनाम झाले. सासवा पदराखाली पेला दडवायच्या, सून झोपल्यावर तांब्या बाजेखाली सरकवायच्या. मी तो काढून त्यांच्या पुढ्यात आदळायची. "पाण्यानं कुणी मरत न्हाई!" हे माझं पालुपद झालं. चिंताकीकडच्या बायका तेलुगू मिसळून मला शिव्या घालायच्या, मी मराठीत परत करायची. माझी जीभ तिखट होती, आणि खोटं कशाला बोलू, मला ती तशीच आवडत होती.

एकदा माय मला भेटायला आली. मी एका म्हातारीला फैलावर घेतलं होतं. माय हळूच म्हणाली, "अगं, दमानं घे. वडीलधारी हाय ती." माझं डोकंच फिरलं. भरल्या वॉर्डात मी म्हणाले, "तू बोलूच नकोस. अक्काला तूच मारलीस."

अक्का नुसत्या तहानेनं गेली नव्हती. नाळ विळ्यानं कापलेली, सुईणीचे हात शेणामातीचे, त्यातून जो ताप येतो त्यानं ती गेली असणार, हे डॉक्टरीणबाईंनी मला केव्हाच समजावून सांगितलं होतं. तरी मी मायला तसं म्हणाले. आणलेल्या भाकरी तिनं माझ्या फडताळात ठेवल्या आणि गेली. मागून कळलं, मेहकरात कुणीही बाळंत झालं की माय तांब्या घेऊन दारात उभी राहते. लोक हाकलतात, तरी जाते. म्हणते, पाण्यानं कुणी मरत न्हाई, माझी लेक सांगतीय.

मला तेव्हा लई अभिमान वाटला.

धाकटीला नौबादला दिलं होतं. नौबाद बिदरला लागूनच. तिला दिवस गेले तेव्हा मी ठणकावून सांगितलं की पहिलं बाळंतपण माहेरी-बिहेरी काही नाही. मेहकरला ती जाणार नाही, मायनंच हिकडं यायचं. एक बहीण त्या बाजेवर गेली, दुसरी मी जाऊ देणार नव्हते. मी तसा पणच केला होता म्हणा ना. तिच्या सासूला रीत मोडलेली रुचली नाही, पण माझ्या तोंडाला कोण लागणार!

धाकटीच्या कळा दोन दिवस चालल्या. लेकरू अडलं होतं. मी तिला गाडीत घालून दवाखान्यात आणलं. सकाळी डॉक्टरीणबाईंनी भूल दिली आणि चिमट्यानं लेकरू काढलं. मुलगी. काळीनिळी पडलेली, पण मी पाय धरून थोपटलं तशी रडली. धाकटीचं रक्त गेलं होतं, पण नाडी चांगली लागत होती. बाई हात धुता धुता मला म्हणाल्या, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी नाही. मला काय ते नवीन होतं? भुलीतला माणूस गिळायचं विसरलेला असतो. पाणी घशाखाली न जाता छातीत उतरतं. आमच्या वॉर्डात याची एक खूण होती. बायकांना लिहिलेलं वाचता येत नाही, म्हणून ज्या खाटेला पाणी बंद, तिच्या उशाशी पेला पालथा ठेवायचा. तो दिसला की आया, झाडूवाली, शेजारच्या खाटेवरची बाई, सगळ्यांना कळायचं. धाकटीच्या उशाशी पेला मी माझ्या हातानं पालथा घातला.

तेवढ्यात वॉर्डाच्या त्या टोकाला एका बाईच्या कळा वाढल्या म्हणून आयानं हाक मारली. मी मायला म्हणाले, "हितंच बस. हिला सोडून हलू नकोस." आणि पळाले.

एवढंच म्हणाले मी. ज्या बाईला मी चारचौघात पाण्यावरून खुनी ठरवलं होतं, तिला आज पाणी देऊ नकोस हे सांगायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. पेला पालथा आहे ना, मग झालं! मायला त्या खुणेतलं काय ठाऊक? तिला वाटलं, माशा बसू नयेत म्हणून पालथा घातलाय.

धाकटी भुलीतच पुटपुटली, पाणी. मायनं पेला सुलटा केला, भरला, लेकीची मान हातावर घेतली आणि पाजला. नंतर तिनंच मला सगळं सांगितलं, अगदी किती घोट गेले तेही.

खोकल्याचा आवाज ऐकून मी धावले. धाकटी ओकली होती आणि ते सगळं आत ओढलं गेलं होतं. तोंड निळं पडत चाललं होतं. मी तिला कुशीवर लोटलं, घशात बोटं घातली, पाठीत धपके मारले. "अगं पोरी, श्वास घे गं! घे!" डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी हात वर-खाली करून छाती दाबली. दुपारच्या बांगेपर्यंत आम्ही दोघी तिच्याशी झोंबत होतो. मग बाई थांबल्या.

त्यांनी पेला बघितला. सुलटा, तळाला थोडं पाणी. "किसने पिलाया?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "गलती मेरी है. मैंने बोली नै थी."

बाई उर्दूत सावकाश म्हणाल्या की नाडी चांगली होती, ही पोरगी जगली असती. आणि वळून गेल्या.

माय भिंतीला टेकून उभी होती, नातीला छातीशी धरून. तिला उर्दू येत नव्हतं. तिनं मला विचारलं, "काय म्हणायल्यात बाई?"

इतकी वर्षं माझं तेच तर काम होतं. इकडचं तिकडं, जसंच्या तसं सांगायचं. कुणाचं लेकरू मेलं, कुणाच्या पोटात गाठ आहे, कुणाच्या नवऱ्याचा रोग बायकोला लागलाय, सगळं मी न कचरता सांगितलं होतं. लोक रडायचे, मला शाप द्यायचे, मी शब्द बदलायची नाही.

"रगत लई गेलं म्हणायल्यात," मी म्हणाले. "काही इलाज नव्हता म्हणायल्यात."

मायनं मान हलवली. खाटेवर बसली, धाकटीच्या तोंडावरचे केस मागं सारले. ओठांवरून अंगठा फिरवला. ओठ ओले होते. मग ती माझ्याकडं वळली. डोळे वाहत होते, पण आवाज शांत होता.

"अक्कावानी तहानेली न्हाई गेली गं ही. माझ्या हातचं पाणी पिऊन गेली. तू तवा ओरडलीस म्हणून कळलं मला, न्हाईतर हिलाबी मी तसंच मारलं असतं." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं भलं होईल."

मी पेला उचलला, उरलेलं पाणी मोरीत ओतलं आणि धुऊन फडताळात ठेवला. त्या टोकाची बाई अजून मोकळी व्हायची होती, तिकडं गेले.