बाळाचा उजवा हात

माझा थोरला जन्मला तेव्हा लढाई चालू होती. त्याचे वडील फौजेत, कुठल्या मुलखात ते कळायला मार्ग नव्हता, आणि मी बाळंतपणाला माहेरी, आष्ट्याला. आई नव्हती. माझं सगळं करायला आत्ती होती. वडिलांची ही बहीण तरुणपणीच विधवा होऊन परत आली आणि गल्लीतली बाळंतपणं करण्यात नि पोरं न्हाऊमाखू घालण्यात रमली. स्वतःचं मूल नाही, पण निम्मी गल्ली तिच्या पायांवर अंघोळ करून मोठी झालेली. तोंडाची भारी फटकळ. मी तिच्यावरच गेले आहे असं सगळे म्हणतात आणि ते खरं आहे.

पोर अंगानं दांडगं. डोकं आलं आणि खांदा अडकला. "कळ दे गं, कळ दे!" म्हणून ओरडत आत्तीनं त्याला कसंबसं ओढून काढलं. निळा पडला होता. मग तो रडला, आणि आम्ही दोघीही रडलो.

दुसऱ्या दिवसापासून अंघोळी सुरू झाल्या. आत्तीची अंघोळ म्हणजे तालीमच. पाय पसरून त्यांवर पोर घ्यायचं, तेल जिरवायचं, ऊन पाणी ओतायचं आणि शेवटी दोन्ही हात धरून छातीवर आडवे ओढायचे. उजवा हात ओढला की हा असा किंचाळायचा की शेजारणी दारात यायच्या. आणि कौतुक किती! "बापाचा आवाज हाय गं! सुभेदार हुनार ह्यो!" आत्ती फुशारून आणखी एकदा ओढायची. मी खाटेवर पडून हसायचे.

बारशाला पाळण्यात घातला तेव्हा पाहिलं, तर डावा हात नाचतोय आणि उजवा अंगालगत पडलेला. तो उचलायला गेले तर रडला. गळ्याखाली, खांद्याकडच्या बाजूला, बोटाला गाठ लागली. उजवा हात! जेवायचा, सलाम ठोकायचा. लढाईतून जिवंत परत आलेल्या बापाच्या मांडीवर मी लुळ्या हाताचं पोर कसं ठेवणार होते?

आत्तीला घेऊन मी सांगलीला निघाले. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटार कोळशावर चालायची आणि चढ आला की उतारूंना खाली उतरवायची. बाळंतीण म्हणून मला तेवढं बसू दिलं.

डॉक्टर म्हातारे होते, शांत. त्यांनी बाळाच्या उजव्या मुठीत आपलं बोट सरकवलं. त्यानं ते घट्ट धरलं. "शीर शाबूत आहे," ते म्हणाले. मग गाठीवरून हलकेच बोट फिरवलं. "गळ्याचं हाड मोडलंय, जन्मतानाच. अख्ख्या हाताला धडाशी जोडणारं हाड एवढं एकच. पोटात सगळ्यांत आधी घट्ट व्हायला लागतं तेही हेच, आणि अडकलेलं मूल बाहेर येताना मोडतं तेही हेच. ही गाठ म्हणजे हाड सांधतंय. थोडे दिवस अंगड्याची बाही छातीशी टाचून ठेवा, हात ओढू नका. बरा होईल."

माझा जीव भांड्यात पडला. आत्तीचा मात्र चेहरा उतरला. घरी आल्यावर ती म्हणाली, "ह्या हातांनी मोडलं म्या त्येला. वर रोज वडत हुते. आता न्हाई शिवायची."

आणि खरंच शिवली नाही. मी न्हाऊ घालायचे ते म्हणजे नुसता सावळा गोंधळ. साबण डोळ्यांत, पाणी कानात. आत्ती दारात पदर तोंडाला लावून उभी. गाठ कमी होत गेली, बाही सोडली, पण आत्ती जवळ येईना. एकदा पोर हातातून निसटलंच, जेमतेम सावरलं, आणि माझा ताबा सुटला.

"आत्ती, तवा तू वडलं नसतंस तर मी आज कुनाला न्हाऊ घातलं असतं गं? हाड मोडलं, सांधलं. प्वार हाय न्हवं?"

आत्ती दारातून आत आली, पाय पसरून बसली आणि म्हणाली, "दे हिकडं."

तिनं तेल लावलं, पाणी ओतलं. डावा हात चोळला. उजव्यापाशी येऊन तिचा हात थांबला. पोरानं वाट पाहिली नाही. तो ओला उजवा हात त्यानं आपणहून वर फेकला, तो थाडकन तिच्या हनुवटीवर बसला.

आत्ती वाकली. ती इवलीशी मूठ गालाला लावून रडत म्हणाली, "मारलंस व्हय रं आजीला? मार रं राजा. आनिक मार."